कूलर लावायचा की होल्याला बसू द्यायचं?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की अंगणात, बाल्कनीत कुठं घरटं दिसलं तर कळवा, आणि तेवढ्यावर इतकी पत्रं अन् मेसेज आले की सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं म्हणणं एकच आहे ते आधी घेते. एक गोष्ट मात्र जवळपास प्रत्येक पत्रात दिसली. आपल्या नागपूरला मार्च महिना म्हणजे उन्हाळ्याची तयारी, कूलर बाहेर काढा, त्याच्या गवताच्या ताट्या बदला, जाळे झाडा, फांद्या छाटा, गच्चीला चुना मारा, आणि नेमकं त्याच महिन्यात पाखरं घरटी करून राहिली असतात. यात चूक कोणाचीच नाही, दोघांची वेळ एक आहे बस, म्हणून बहुतेक प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात.

प्रश्न: ताई, मी लक्ष्मीनगरला राहते, वय ६८. आमच्या मागच्या आंब्यावर यंदा फेब्रुवारी संपायच्या आतच कोकिळा ओरडायला लागली. सूनबाई म्हणते हवामान बिघडलं म्हणून असं होऊन राहिलं. वसंत खरंच लवकर आला का?

उत्तर: काकू, आधी एक सांगते, तुम्ही ऐकता तो कुहू कुहू आवाज कोकिळेचा नाही, कोकिळाचा आहे, म्हणजे नराचा. तो काळाभोर, डोळे लालभडक, आणि मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज किक् किक् किक् असा घाईघाईचा. आणि हा पक्षी वसंतात कुठून येत नाही, तो वर्षभर इथेच असतो, थंडीत तोंड बंद ठेवतो म्हणून आपल्याला वाटतं की नव्हताच.

आता लवकर की उशिरा. पाखरांना वसंत कळतो तो मुख्यतः उजेडावरून. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांपेक्षाही थोडा कमी असतो, २०-२१ मार्चच्या सुमाराला १२ तासांचा होतो आणि जूनमध्ये जवळपास साडेतेरा तासांपर्यंत जातो. उजेड वाढत गेला की पाखरांच्या मेंदूकडून शरीरात संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, सुटायला लागतात, मग गाणं, जोडी, घरटं हे सगळं मागोमाग येतं. हा उजेडाचा हिशेब दरवर्षी तोच असतो, पण ऊन किती तापलं, खायला किती आहे, यावरून आठ-पंधरा दिवस इकडचे तिकडे होऊ शकतात. म्हणून सूनबाई म्हणतात ते अगदीच सोडून देण्यासारखं नाही, पण एका वर्षाच्या एका कोकिळावरून तसं ठरवता येणार नाही. मी एकट्या कोकिळावर कधीच विसंबत नाही, मी चार जणांची साक्ष घेते.

पहिला तांबट. बंद दुकानात कोणी तांब्याचं भांडं ठोकत बसावं तसं टुक टुक टुक टुक सुरू होतं ते जानेवारी संपता संपता, आणि शेवग्याच्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला नाण्याएवढं गोल भोक दिसलं की समजायचं यांचं घर ठरलं. दुसरा दयाळ, काळापांढरा, शेपटी वर, थंडीत नुसता चर्र करतो आणि फेब्रुवारीत पहाटे अंधार असतानाच डिश अँटेनावर बसून अशी लांब शीळ घालतो की माणूस चहा ठेवायचं विसरतो. तिसरा शिंजीर, त्याचं पुढे येतंच आहे. आणि चौथा म्हणजे जो जातो तो, थिरथिरा. हिवाळाभर कंपाउंडच्या भिंतीवर शेपटी थरथरवत बसणारा, पोटाखाली विटकरी रंगाचा, तो मार्च-एप्रिलमध्ये एक दिवस दिसत नाही, मग दुसऱ्या दिवशीही दिसत नाही, आणि आपल्या लक्षात येतं की गेला उत्तरेकडे.

झाडं तर आहेतच. अंबाझरीकडे किंवा सेमिनरी हिल्सला जाणं झालं तर काटेसावरीखाली पाच मिनिटं उभ्या राहा, पान एक नाही आणि फुलं लाल, त्यावर साळुंक्या, बुलबुल, कावळे, परत जायच्या तयारीतल्या भोरड्यांचा थवा, सगळे त्या फुलांतल्या मधासाठी भांडून राहिलेले असतात. मग हिंगण्याच्या बाजूनं पळस, मग पिंपळाची तांबूस पालवी, मग कडुनिंब. एक वही करा काकू, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं तरी चालेल, कोण कोणत्या तारखेला पहिल्यांदा बोललं. तीन-चार वर्षांच्या तारखा हातात आल्या की सासूसुना दोघी मिळून मला सांगा वसंत सरकला का ते.

प्रश्न: ताई, आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर वर्षभर असतो. धुलिवंदनाच्या दुसऱ्या दिवशी ताट्या बदलायला गेलो तर वरच्या झाकणावर काड्या अन् त्यावर होला (कबुतरासारखाच, पण लहान पक्षी) बसलेला, खाली दोन पांढरी अंडी. त्याला आज १० दिवस झाले. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, दुपारी खोली तापून राहिली, आई म्हणते उचलून गच्चीवर ठेवून दे, बायको म्हणते हात लावायचा नाही. काय करू? (प्रतापनगर)

उत्तर: हा प्रश्न या महिन्यात सगळ्यात जास्त जणांनी विचारला, कोणाचा कूलर, कोणाच्या एसीचं बाहेरचं युनिट, कोणाचं मीटरबॉक्स, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा, आधी हिशेब करू. होला दोन अंडी घालतो, साधारण एका दिवसाच्या अंतरानं, आणि १३-१४ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तुमचे दहा दिवस झाले, म्हणजे अजून चार. त्यानंतर पिल्लं दोन आठवड्यांच्या आसपास घरट्यात राहतात. म्हणजे एकंदर आजपासून १८ ते २० दिवसांचा मामला आहे. पूर्ण उन्हाळा जाणार असं वाटत असतं ना, म्हणून आकडा लिहून दाखवला.

गच्चीवर उचलून ठेवायचा विचार मात्र सोडा. होल्याला अंडी ओळखू येत नाहीत, त्याला जागा ओळखू येते. तुम्ही घरटं चार फूट जरी सरकवलं तरी तो जुन्या जागी येऊन बसेल, नुसत्या पत्र्यावर, आणि अंडी गच्चीवर उन्हात पडून राहतील. आपल्या इथल्या गच्चीचा पत्रा दुपारी कसा होतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

मला हे इतकं नीट माहीत आहे कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हेच झालं होतं. काड्या म्हणाल तर मोजून तीस-चाळीस, खालून बघितलं तर अंडी दिसतील इतकं विरळ, पहिल्या दिवशी मला वाटलं वाऱ्यानंच जाईल. गेलं नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला एक उठायचा आणि दुसरा बसायचा, संध्याकाळी पुन्हा बदली, दिवसा नर अन् रात्रभर मादी, ही त्यांची पाळी. एप्रिलची दुपार होती, बाहेर ४२, आणि तो होला अंड्यांवर बसलेला नव्हताच, थोडा वर उभा होता, पंख अंगापासून जरासे सुटे, चोच उघडी आणि गळ्याखालची कातडी भराभर थरथरत होती. मी आधी समजले आजारी आहे. नंतर कळलं की तो अंडी उबवत नव्हता, अंड्यांवर सावली धरत होता, कारण आपल्याकडच्या उन्हात अंडी गार पडायची भीती नसते, शिजायची असते. आणि गळा थरथरवणं म्हणजे त्याचा कूलर, त्यानं ओलावा उडतो अन् अंग थंड राहतं. त्या दिवसापासून मी त्या खिडकीला आतून जुनं पांढरं धोतर लावलं, भांडी आपटायची बंद केली, आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी फोडणी दुसऱ्या शेगडीवर झाली, एवढंच.

आता तुमच्या बाळाचं. त्याला तापू देऊ नका, ते आधी. तीन आठवडे झोपायची खोली बदलता आली तर सगळ्यात चांगलं. नाही तर दरवाज्याला वाळ्याचा पडदा लावून दुपारी दोनदा पाणी मारा आणि पंखा त्याच्या समोर ठेवा, आपल्या आज्यांनी असेच उन्हाळे काढले. घरटं कूलरच्या आत, पंख्याजवळ किंवा ताटीच्या मागे असेल तर कूलर अजिबात सुरू करू नका, पातं लागून मरतात. झाकणावर असेल, आणि अगदीच जीव घुसमटला तर पिल्लं फुटून आठवडा झाल्यावर कमी स्पीडवर लावून बघा, पाणी आतून पाइपनं भरा, झाकण हलवू नका, आणि होला परत येतो की नाही ते अर्धा तास बघा. नाही आला तर बंद करा. माझ्या माहितीतल्या दोन घरी होला आवाजाला सरावला, पण दोन घरांवरून मी सगळ्यांना हो म्हणणार नाही.

बाकी सगळ्यांसाठी, ज्यांच्याकडे अजून नुसत्या काड्याच पडून राहिल्या आहेत अन् अंडं नाही, त्यांनी त्या आजच काढा आणि जागेवर ताडपत्री किंवा उलटी बादली ठेवा, ते दुसरीकडे सोय बघतात, त्यांना एक जागा गेल्यानं काही अडत नाही. अंडं पडलं की मात्र हात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्याची अंडी किंवा घरटं छेडणं हे शिकारीतच धरलं आहे, हे खूप जणांना माहीत नसतं. आणि पुढच्या वर्षी कूलर फेब्रुवारीतच झाकून ठेवा.

जाता जाता, जुन्या ताट्यांचं गवत फेकू नका. गच्चीच्या कोपऱ्यात ठेवा, चिमण्या एकेक तंतू ओढून नेतात, बघायला फार छान वाटतं.

प्रश्न: मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीला कचऱ्याचं बोचकं लटकलेलं दिसलं, मी जळमट समजून झाडूनं ओढणार तेवढ्यात आतून पिवळी चिमुकली चिमणी उडाली. हे काय आहे?

उत्तर: बरं झालं थांबलात! ती चिमणी नाही, शिंजिराची मादी आहे, काही जण सूर्यपक्षी म्हणतात. वरून मळकट हिरवी, खालून पिवळी, चोच बारीक आणि वाकडी. तिचा नवरा आता उन्हात बघा, जांभळा-निळा चमकतो, पण हाच नर हिवाळ्यात मादीसारखाच फिक्कट असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ, आणि थंडी संपता संपता पीस पीस करून तो रंग बदलतो. वर काकूंना तिसरा साक्षीदार म्हटलं तो हाच.

घरटं ती एकटी बांधते. मी एकदा खुर्ची टाकून बसले होते तेव्हा पहिले दोन दिवस तिनं नुसतं कोळ्याचं जाळं आणलं, चोचीला गुंडाळून, दोरीभोवती फिरून फिरून चिकटवायची आणि परत जायची. जाळं चिकट असतं अन् ताणलं तरी तुटत नाही, म्हणून तो तिचा गोंद आणि तोच तिचा दोर. मग त्यावर वाळकी पानं, सालीचे कपचे, अळीची विष्ठा, माझ्याच किराण्याच्या यादीचा एक तुकडा. बाहेरून कचरा दिसावा हीच तर युक्ती आहे, साप असो की कावळा, कोणी त्याकडे बघत नाही, तुम्हीही झाडूच उचलला ना? बाजूला छोटं दार असतं आणि त्यावर पुढे आलेलं छप्पर, आत कापूस. आठ-दहा दिवस बांधकाम, मग दोन-तीन अंडी, दोन आठवडे उबवणं, आणखी दोन आठवडे पिल्लं. कपडे तेवढे दिवस दुसऱ्या दोरीवर वाळवा.

आणि बाल्कनीतले सगळे जाळे झाडून चकाचक करू नका. तिला ते बांधायला लागतात, आणि पिल्लांना ती मध पाजत नाही, कोळी अन् बारीक किडे भरवते. याच कारणानं कुंड्यांवर औषधही मारू नका.

प्रश्न: अंगणात बुलबुलचं पिल्लू पडलं आहे, उडता येत नाही, आई वर ओरडून राहिली. शेजारी म्हणतात आता माणसाचा हात लागला की आई घेणार नाही. दूध-पोळी द्यावी का?

उत्तर: दूध नाही, पोळी नाही, चोचीत पाणी तर मुळीच नाही, ते श्वासनळीत जातं. आणि हात लागला तर आई टाकते हे खरं नाही, पाखरं पिल्लाला वासावरून ओळखत नाहीत. अंगावर पिसं आहेत, उड्या मारून राहिलं, तर ते पडलेलं नाही, घर सोडून निघालेलं आहे, बुलबुलची पिल्लं नीट उडायला यायच्या आधीच, बाराएक दिवसांची झाली की घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना झुडपात भरवत राहतात. उचलून जवळच्या दाट झुडपात डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा, मांजर घरात घ्या, कुत्रं बांधा आणि तुम्ही स्वतः आत जा. तुम्ही उभे आहात तोवर आई खाली येणार नाही. उघडंनागडं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. जखम दिसली, पतंगाचा मांजा अडकला असेल, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६, आणि सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी प्राणी-पाखरांचा दवाखाना आहे, बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात जुना सुती कपडा टाकून न्या.

प्रश्न: दोन वर्षं झाली चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावून, एकही येत नाही. (बेसा)

उत्तर: पेटीचं भोक किती आहे ते मोजा, ३२ मिलिमीटर म्हणजे सव्वा इंच पुरे, मोठं असेल तर साळुंकी दादागिरी करते. तोंड पश्चिमेकडे नको, दुपारच्या उन्हात ती पेटी भट्टी होते. आठ-दहा फूट उंच, वर छज्जा, जवळपास पंखा नको. हे सगळं बरोबर असूनही येत नसतील तर दोष पेटीचा नाही, अंगणाचा आहे. नव्या लेआउटमध्ये सगळीकडे पेव्हर टाकतात, चिमणीला धुळीत अंघोळ करायला वीतभर माती लागते, लपायला मेंदीचं कुंपण लागतं, आणि पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या लागतात, दाणे नाही. एक कोपरा उकरून मोकळा ठेवा, पसरट मातीच्या भांड्यात दोन इंच पाणी, रोज बदललेलं. आणि वाट बघा.

प्रश्न: मावशी, मी आठवीत आहे. आमच्या कुंडीतल्या वांग्याच्या पानात शिंपी पक्ष्यानं घरटं शिवलं आहे, आत तीन अंडी आहेत. मी रोज चार-पाच वेळा पान उघडून मोबाइलनं फोटो काढते, प्रोजेक्टसाठी. आई म्हणते बास कर. आई बरोबर आहे का?

उत्तर: आई बरोबर आहे बाळा. तू रागावू नको, का ते सांगते. तू कुंडीजवळ जाते तेव्हा समोरच्या तारेवर कावळा बसलेला असतो का बघ. तो शिंप्याला बघत नाही, तुला बघतो. ही मुलगी रोज त्याच पानाशी का वाकते, तिथे काय आहे, हे कळायला त्याला दोन दिवस पुरतात. शिवाय पान परत परत उघडलं की टाके सुटतात. तिनं चोचीनं पानाच्या काठाला भोक पाडून त्यातून कापसाचा नाहीतर जाळ्याचा धागा ओढलेला असतो, आणि बाहेरून त्याचा बारीकसा गोळा होऊन तो अडकून बसतो, तेवढाच आधार. काढलेल्या फोटोंपैकी एखादा मोठा करून बघ, ते गोळे दिसतील, प्रोजेक्टला तेच चित्र काढ.

आता असं कर. खोलीच्या खिडकीतून, पडदा अर्धा लावून, शाळेत जायच्या आधी फक्त १५ मिनिटं बघ. किती वेळा कोण आलं, तोंडात काय होतं, एवढंच लिही. अंड्यांतून पिल्लं निघायला बारा दिवस लागतात, त्यानंतर फेऱ्या एकदम वाढतात, ते तुला न उघडता कळेल. त्या रोपाची वांगी आईला सध्या तोडू देऊ नको, आणि पाणी पानावर नाही, मुळाशी घाल. पिल्लं उडाली की मला लिही, कितव्या दिवशी गेली अन् सगळी तिन्ही गेली का ते नक्की लिही, पुढच्या अंकात तुझे आकडे छापते.